जनकाबाई तालुक्यात पहिल्या आल्या त्याची गोष्ट

तुम्हाला म्हणून सांगतो, मोबाईलमधलं मला जेवढं कळतं तेवढं मोबाईल तयार करणाऱ्यालाही कळत नसेल! हे मी म्हणत नाही, अख्खा सेनगाव तालुका म्हणतो. म्हणजे आधी मी म्हणालो, मग तालुका म्हणायला लागला. पण आता म्हणतो ना, झालं तर मग!

आमच्या खात्यात अशा माणसाला 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणतात. ही पदवी मला एका शिक्षण परिषदेत मिळाली. महिन्यातून एकदा आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक एका ठिकाणी जमतात, चहा पितात, आणि शिक्षण कसं सुधारावं यावर बोलत बोलत जेवायची वेळ करतात. त्या दिवशी प्रोजेक्टर सुरू होत नव्हता. आजारी म्हशीभोवती उभं राहावं तसे सगळे त्याच्याभोवती उभे होते. मी पुढं झालो आणि अर्धवट निघालेला प्लग दाबून बसवला. भिंतीवर उजेड पडला! आमचे केंद्रप्रमुख व्यंकटराव यांनी तिथंच जाहीर केलं, "भीमराज सर, आजपासून केंद्राचं सगळं ऑनलाईन तुमच्याकडं!" तेव्हापासून केंद्रात कुणाचाही पासवर्ड हरवला की तो माझ्याकडं सापडतो.

तर यंदा दिवाळीनंतर वरून आदेश आला. 'अध्यापनात तंत्रज्ञान' या विषयाचं ऑनलाईन प्रशिक्षण! प्रत्येक शिक्षकानं आपापल्या मोबाईलवर तज्ज्ञांचे व्हिडिओ पाहायचे, शेवटी चाचणी द्यायची. चाचणी एकदाच देता येणार. आणि तालुक्यात जो पहिला येईल त्याला हिंगोलीच्या प्रशिक्षण केंद्रात सुलभक म्हणून नेमणार. सुलभक म्हणजे शिक्षकांना शिकवणारा शिक्षक. डोक्यावर पंखा, हातात माईक, समोर लेकरं नाहीत. आणखी काय पाहिजे माणसाला?

मला तर आणखी एक गोष्ट पाहिजे होती. माझी बायको ऐश्वर्या हिंगोलीत एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. आम्ही राहायचो सेनगावला, कारण माझी शाळा सेनगावजवळच्या तांड्यावर. त्यामुळं रोज सकाळी ती एसटीत उभी राहून हिंगोलीला जायची आणि संध्याकाळी उभी राहूनच परत यायची. हिंगोलीत बसस्थानकामागं प्रेमानंद काकांचं घर भाड्यानं मिळत होतं. दोन खोल्या, गच्ची, दारात पेरूचं झाड, आणि तिच्या दवाखान्यापासून पायी जाण्यासारखं! ऐश्वर्याचा जीव त्या घरात अडकला होता. पण तिनं स्वतःच अट घातली होती.

"तुमी सुलभक झालात तरच घर घ्यायचं. न्हाईतर मी सुटायचे अन् तुमी रोज हिंगोली-तांडा करत रस्त्यावर मरायचे. मला न्हाई आवडणार ते."

"अगं, झालो म्हणूनच समज! तालुक्यात आहे कोण माझ्यासमोर?"

"तसं न्हाई. आदेश हातात येऊ द्या. मग मी काकांना हो म्हणते."

एवढं साधं होतं सगळं.

पण आमच्या केंद्राची एक रीत आहे. ऑनलाईन प्रशिक्षण आलं की ते एकानं करायचं आणि सगळ्यांनी पूर्ण झालं म्हणायचं. परिषदेत व्यंकटरावांनी आदेश वाचून दाखवला, चष्मा काढला आणि माझ्याकडं पाहिलं. पाठोपाठ सगळ्या केंद्रानं माझ्याकडं पाहिलं.

"सर, तेवढं आमचं बी करून टाका," व्यंकटराव म्हणाले. "तुमाला काय, बसल्या बसल्या होतंय."

देविदास सर तर फोन हातात घेऊनच उभे होते. "माझ्या फोनला टाळा न्हाई सर. सरळ उघडतो. रविवारी नेऊन ठेवा, सोमवारी द्या."

कुणीतरी हळदीच्या बेण्याची रिकामी पिशवी आणली. तिच्यात फोन पडू लागले. शेवटी जनकाबाईंनी आपला फोन पदरानं पुसून हळूच वर ठेवला. जनकाबाई म्हणजे आमच्या केंद्रातल्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका. पुढच्या वर्षी निवृत्त होणार. आमच्या तांड्याच्याही पलीकडं, जिथं डांबर संपतं तिथं त्यांची शाळा. त्या तिथं एकट्याच. पहिलीतल्या पोरांपासून व्यंकटरावांपर्यंत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. फोनचा उपयोग त्या दोनच गोष्टींसाठी करतात. एक, बॅटरी म्हणून उजेड पाडायला. दोन, मुलगी करुणा हिला 'जेवलीस का' विचारायला.

"सर, फोनला तकलीफ देऊ नका," बाई म्हणाल्या. "करुणीनं पैल्या पगारातून दिलेला हाय."

मी पिशवी खांद्याला लावली. खरं सांगू? मला बरं वाटत होतं! अख्ख्या केंद्राची अक्कल माझ्या खांद्यावर होती. आणि माझ्या डोक्यात एक झकास योजनाही शिजली होती. सगळ्यांची चाचणी मीच देणार, म्हणजे कुणाला किती गुण पडायचे तेही मीच ठरवणार. स्वतःला भरपूर गुण घ्यायचे आणि बाकीच्यांची जाणूनबुजून काही उत्तरं चुकवायची. पहिला नंबर कुठं जातोय!

रविवारी सकाळी मी तांड्यावर गेलो. तिथं रेंज एकाच ठिकाणी येते, माळावरच्या देवळाच्या ओट्यावर. ओट्यावर मी सगळे फोन ओळीनं मांडले. हळदीनं सगळे पिवळे झाले होते, जणू केंद्राच्या सगळ्या शिक्षकांचं एकाच मांडवात लग्न होतं. व्हिडिओ सगळीकडं एकदम सुरू केले. रेंज तोकडी असल्यामुळं प्रत्येक फोन थोडा मागंपुढं बोलत होता. एका फोनमधले तज्ज्ञ म्हणाले, 'विद्यार्थ्यांना कृतिशील ठेवा.' दुसऱ्यातून तेच आलं, मग तिसऱ्यातून. शेवटच्या फोनपर्यंत 'ठेवा, ठेवा, ठेवा' एवढंच ऐकू यायचं.

तांड्यावरच्या जिवनबाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"सर, दुकान टाकलं का? मोबाईल इकून राहिले?"

"नाही हो जिवनबाई, ट्रेनिंग चालू आहे."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "कोनाचं?"

"शिक्षकांचं."

"शिक्षक कुठी हायेत?"

"ते घरी आहेत."

जिवनबाईंनी मोळी सावरली. "मंग हे मोबाईल शिकून राहिले का?" असं विचारून त्या उत्तराची वाट न पाहता निघून गेल्या.

मी चाचण्यांना हात घातला. चांगल्या कामाची सुरुवात स्वतःपासून करावी म्हणून पहिला माझाच फोन घेतला. प्रश्न आला, 'वर्गात तंत्रज्ञान वापरताना शिक्षकाने सर्वप्रथम काय करावे?' पर्याय होते, उद्दिष्ट ठरवावे, साधन निवडावे, नियोजन करावे, वरीलपैकी सर्व. मी म्हटलं, हे तर सोपं आहे! साधनच नसेल तर तंत्रज्ञान कुठून येणार? दाबलं 'साधन निवडावे'. असे सगळे प्रश्न मी धडाधड सोडवले. संपल्यावर बरोबर उत्तरं पडद्यावर आली. माझं अर्ध्याहून थोडंच जास्त बरोबर होतं! कारण जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकच होतं, 'वरीलपैकी सर्व'.

अंगाला घाम फुटला. पण तंत्रस्नेही माणूस डगमगत नसतो! म्हटलं, काही बिघडलं नाही. बाकीच्यांना याच्याहून खाली ठेवू. मग मी प्रत्येकाला त्याच्या मानाप्रमाणं गुण देत गेलो. व्यंकटरावांना पदाची लाज राहील इतके. देविदास सरांना पास होतील इतके. एकानं मागं माझी किरकोळ रजा अडवून धरली होती, त्याला काठावर! उत्तरं आता मला झोपेतही पाठ होती, त्यामुळं ती चुकवायला मात्र फार लक्ष द्यावं लागत होतं.

आता फक्त बाईंचा फोन उरला होता. तेवढ्यात देविदास सरांचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं 'मिना'. म्हणजे त्यांच्या मिसेस. एकदा वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. इथं रेंज आधीच तोकडी आणि त्यात ही कटकट! मी उचलला.

"हॅलो, मी भीमराज सर बोलतोय."

 पलीकडून आवाज आला, "त्यांचा फोन तुमच्याजवळ काहून?"

"ते इथं नाहीत वहिनी."

"मंग कुठी हायेत?"

"ते मला माहीत नाही. पण तुम्ही काळजी करू नका."

बस्स! आपल्याकडं नवऱ्याच्या फोनवर परका माणूस 'काळजी करू नका' म्हणाला की त्याचा एकच अर्थ होतो. पलीकडून "अगं माय!" असा टाहो आला आणि रेंज गेली. मी परत लावायचा प्रयत्न केला, लागेना. सोडून दिलं. म्हटलं, समजेल त्यांचं त्यांना.

त्यांना समजलं ते असं. मिनावहिनी माहेरी होत्या. त्यांनी माहेरच्या अंगणातच बसकण मारली. भावांनी जीप काढली. जीप आधी सेनगावच्या दवाखान्यात गेली, तिथं देविदास सर नाहीत म्हटल्यावर तर सगळ्यांचा धीरच सुटला. मग कुणीतरी म्हणालं, फोन भीमराज सरांकडं हाय, ते तांड्याच्या माळावर बसलेत, त्यांनाच इचारा. इकडं रेंज परत यायला तास-दीड तास गेला. मी बाईंच्या फोनवर चाचणी उघडली आणि माळाच्या पायथ्याशी धुरळा उडाला. जीपमधून माणसं उतरली की सांडली ते सांगता येणार नाही. सगळी रडत होती!

"सर, कुठी पडले ते? बोला ना सर!" वहिनींनी माझा हात धरला.

"अहो, कुणी पडलं नाही—"

"खोटं बोलू नका! त्यांचा फोन असा पिवळा काहून झाला?"

"हळद आहे ती वहिनी!"

'हळद' ऐकल्यावर त्यांच्या आईनं वेगळाच सूर काढला. "अगं बाई, दुसरं लगीन करून राहिला का मेला?"

मी एका हातानं वहिनींना आवरत होतो आणि दुसऱ्या हातानं बाईंची चाचणी देत होतो, कारण चाचणीला वेळेचं बंधन होतं. प्रश्न येईल तसा अंगठा चालत होता. वरीलपैकी सर्व. वरीलपैकी सर्व. मध्येच वहिनींचा थोरला भाऊ गळ्यात पडला. वरीलपैकी सर्व. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं मोटरसायकलवर खुद्द देविदास सर आले! ते शेतात बाभळीखाली झोपले होते. घरची सगळी मंडळी दवाखान्यात पळाल्याचं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. तेही रडतच आले होते.

"कोणाला काय झालं?" त्यांनी ओरडून विचारलं.

"तुमालाच!" सगळी एका सुरात म्हणाली.

पुढं त्या नवराबायकोत जे झालं ते सांगत बसत नाही. मी फोन पिशवीत भरले आणि खालमानेनं घरी आलो. त्या गडबडीत एक बारीकशी गोष्ट माझ्याकडून राहून गेली. बाईंची उत्तरं चुकवायचीच राहिली होती.

निकाल लागला. तालुक्यात प्रथम, शंभरपैकी शंभर, श्रीमती जनकाबाई! दुसरा क्रमांक मी, कारण बाकीच्या केंद्रांतही माझ्यासारखेच तंत्रस्नेही पिशवी घेऊन बसले होते. सेनगावच्या चौकात बाईंच्या फोटोचा फ्लेक्स लागला. 'तंत्रज्ञानाची तळपती तलवार' असं त्यावर लिहिलं होतं, आणि फोटोत बाई मात्र फोटो काढणाऱ्याकडं 'झालं का रे बाबा' अशा नजरेनं पाहत होत्या. व्यंकटरावांनी शाल-श्रीफळ देऊन भाषण केलं, "हे आमच्या केंद्राच्या सामूहिक प्रयत्नांचं फळ आहे." आणि बोलताना माझ्याकडं अजिबात पाहिलं नाही.

मी संध्याकाळी बाईंच्या सेनगावातल्या घरी गेलो.

"बाई, तुम्ही नकार देऊन टाका," मी सरळ विषयाला हात घातला. "प्रकृतीचं कारण सांगा. कुठं या वयात हिंगोलीला जायची दगदग करता?"

बाईंनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. "सर, मला ठाऊक हाय, हे गुण माझे न्हाईत. मला त्यातलं काहीच येत न्हाई. मी नकारच देणार होते." त्या थोड्या थांबल्या. "पण काल करुणीचा फोन आला. रडून राहिली होती पोरगी. म्हणे, आई, माझ्या हापिसात सगळ्यांना पेढे वाटले. सर, माझी सारी नोकरी दुसऱ्यांच्या प्रशिक्षणात मागच्या बाकावर बसून गेली. एकदा पुढं उभं राहू वाटतंय मला. तुमीच करून दिलं, आता एवढं निभावून बी द्या."

मी कप खाली ठेवला. मला खरोखर वाईट वाटलं. पण डोळ्यांपुढं पेरूचं झाड आलं, आणि एसटीत दांडीला लटकलेली ऐश्वर्या आली. काय करावं माणसानं?

तेवढ्यात एक आशा दिसली. आदेशात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, नेमणुकीआधी हिंगोलीला साहेबांसमोर प्रात्यक्षिक पाठ द्यावा लागेल, आणि तो समाधानकारक झाला नाही तर दुसऱ्या क्रमांकाचा विचार होईल. दुसऱ्या क्रमांकाचा! म्हणजे माझा!

"बाई, काळजीच करू नका," मी म्हणालो. (हे वाक्य मी एव्हाना सोडून द्यायला हवं होतं.) "मी तुमचा सहायक म्हणून बसतो. माझा फोन वायरनं प्रोजेक्टरला जोडतो. तुम्ही फक्त पडद्यावर जे येईल ते मोठ्यानं वाचायचं. बाकी काही म्हणजे काही करायचं नाही."

"वाचता येईल मला," बाई म्हणाल्या. "जन्मभर तेच तर केलं."

घरी आल्यावर मी ऐश्वर्याला खरी योजना सांगितली. पाठ निम्म्यावर आला की मी पायानं हळूच वायर ओढणार. पडदा काळा होणार. बाई गप्प उभ्या राहणार, कारण बाकी काही करायचं नाही असं मीच सांगितलंय. साहेब घड्याळ पाहणार. मग मी उठून वायर जोडणार आणि पाठ पुढं नेणार. कुणाचं वाईट नाही, कुणाची बदनामी नाही!

ऐश्वर्यानं गॅस बारीक केला. मग म्हणाली, "बाईंना वाईट वाटंल हो." आणखी थोड्या वेळानं म्हणाली, "त्या घराचं दुसरं गिऱ्हाईक येऊन राहिलं म्हणे."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी हिंगोलीचा हॉल तालुक्या-तालुक्यांच्या शिक्षकांनी भरला होता. तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, अशा पाठात समोर बसलेले शिक्षक विद्यार्थी होतात. पन्नाशीतले गुरुजी बोट ओठावर ठेवून बसतात आणि बाई म्हणतील ते मागोमाग म्हणतात. बाई नवी पांढरी साडी नेसून आल्या होत्या. पहिल्या रांगेत त्यांची करुणा बसली होती, ऑफिसला सुट्टी टाकून आलेली. बाजूच्या खुर्चीत साहेब बसले होते आणि त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते.

पाठ होता 'पाण्याचे स्रोत'. मी पहिली स्लाईड टाकली.

"विहीर!" बाईंनी वाचलं.

"विहीर!" हॉल म्हणाला.

"नदी!"

"नदी!"

"सगळं बराबर म्हणा, मागच्या बाकावरचे काहून गप्प?"

मागचा बाक दचकून म्हणाला, "नदी!" साहेबांचे डोळे पूर्ण मिटले. मी पायानं वायर चाचपली. एवढ्यात माझ्या फोननं टुणकन आवाज केला आणि नदीच्या वर, पडद्याच्या कपाळावर, एक ओळ उमटली. बाईंनी चष्मा वर केला. सांगितलं होतं ना, पडद्यावर जे येईल ते वाचायचं!

"झालं का? बाई अडकल्या का?"

"झालं का? बाई अडकल्या का?" हॉल एका सुरात म्हणाला.

मी गार पडलो! ऐश्वर्याचा मेसेज! पायानं वायर ओढली, पण घाईत ओढली ती माईकची. माईक बंद झाला. बाईंना काही फरक पडला नाही, डांबर संपतं तिथल्या शाळेत माईक कुठं असतो? पुन्हा टुणकन वाजलं.

"तुमी वायर काढणार होता, ती काढली का?" बाईंचा आवाज आता रस्त्यापर्यंत गेला असेल.

"तुमी वायर काढणार होता, ती काढली का?" गुरुजींना आता मजा यायला लागली होती. पहिल्या रांगेत करुणा माझ्याकडं टक लावून पाहत होती. साहेबांचे डोळे उघडले.

"काका दवाखान्याच्या दारात उभे हायेत. लवकर सांगा. घराला हो म्हणू का?"

"घराला हो म्हणू का!"

मी फोनवर झडप घातली. मेसेज पुसायला गेलो तर खाली फोनवाल्यांनी तयार उत्तरं देऊन ठेवलेली, त्यातल्या एकावर माझं बोट पडलं. पडद्यावर एक भलामोठा पिवळा अंगठा उभा राहिला!

"आणि हा अंगठा," बाईंनी वाचलं.

"आणि हा अंगठा!" सगळ्या हॉलनं आपापले अंगठे वर केले.

 मग साहेब उभे राहिले. मी म्हटलं, संपलं! नोकरी गेली, घर गेलं, बायको तर घरी गेल्यावर जाईलच! पण साहेब टाळ्या वाजवत होते!

"वा! वा बाई, वा! मोबाईल पडद्याला जोडायच्या आधी आपले खाजगी मेसेज बंद करावेत, हे सांगायला आमचे तज्ज्ञ तासभर बोलतात आणि कुणाच्या डोक्यात शिरत नाही. तुम्ही करून दाखवलं! आता यातला एकही माणूस जन्मात विसरणार नाही." ते माझ्याकडं वळले. "आणि हे सर! स्वतःची एवढी फजिती करून घ्यायला मोठं मन लागतं. काय घाबरल्याचा अभिनय केलात! नाव काय तुमचं?"

"भीमराज, सर." माझ्या मनात पुन्हा पेरूचं झाड हललं.

"बाई इथं आल्यावर त्यांच्या शाळेवर कोण?"

व्यंकटराव मागून म्हणाले, "कोणीच न्हाई सर. एकशिक्षकी शाळा हाय."

"आणि यांच्या शाळेवर?"

"यांच्याकडं दुसरे एक सर हायेत."

"मग यांनाच बाईंच्या शाळेवर पाठवा. असा होतकरू माणूस अशाच ठिकाणी पाहिजे!"

हॉलबाहेर आलो तेव्हा बाई करुणासोबत उभ्या होत्या. करुणानं आईच्या कानात काहीतरी सांगितलं असावं. बाईंनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. वर्गात पेन्सिल चोरलेल्या पोराकडं त्या जसं पाहतात, तसं.

"सर, ती वायर," त्या म्हणाल्या, "खरंच काढणार होता?"

मला खोटं बोलवेना. "व्हय बाई."

बाईंनी मान हलवली. त्यांनी पिशवीतून आपल्या शाळेची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. "कुलूप जरा अडकतं. दार वर उचलून किल्ली फिरवा. आन् लेकरांना दुपारी झोप येते, तवा गाणं म्हणा." बास, एवढंच बोलल्या. मला खूप लाज वाटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि त्या अंगठ्याचं काय झालं? ऐश्वर्यानं तो पाहिला आणि त्याच क्षणी काकांना हो सांगितलं! मी घरी पोचेपर्यंत तिनं मैत्रिणीला फोन करून सामान हलवायला टेम्पोही ठरवला होता.

"अगं, मी सुलभक झालोच नाही!"

"मंग अंगठा काहून पाठवला?"

 खरं सांगितलं असतं तरी तिनं विश्वास ठेवला नसता. शिवाय तिनं पेरूच्या झाडाला दोरी बांधून कपडे वाळत घालायची जागासुद्धा ठरवून टाकली होती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मी सामान बांधायला घेतलं.

तर आता आमचं असं चालू आहे. ऐश्वर्या सकाळी निवांत चहा पिते आणि पायी दवाखान्यात जाते. मी अंधार असतानाच हिंगोलीहून मोटरसायकल काढतो. नरसी मागं पडते, सेनगाव मागं पडतं, माझा जुना तांडा मागं पडतो, डांबर संपतं, तेव्हा कुठं शाळा येते. कुलूप खरंच अडकतं. लेकरं गुणाची आहेत, फक्त दुपारी गाणं म्हटल्याशिवाय जागी राहत नाहीत, आणि माझ्या गाण्यानं उरलेलीही झोपतात.

बाई मात्र सेनगावहून रोज हिंगोलीला येतात. जिल्ह्याच्या शिक्षकांना त्या काय शिकवतात ते मला नेमकं माहीत नाही, पण त्यांचा फोन येतो. "सर, ह्या प्रोजेक्टरचा खटका कुठी हाय?" मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून सांगतो. परवा तर सरळ म्हणाल्या, "सर, आज मी त्यांना रेंज कुठी येते ते शोधायला पाठवलं. दुपारपर्यंत कोणी परत आलं न्हाई. प्रशिक्षण छान झालं."

रोज सकाळी नरसीजवळ आमची गाठ पडते. समोरून सेनगावची एसटी येते, खिडकीत बाई बसलेल्या असतात, हो, बसलेल्या, कारण वाहक त्यांचा जुना विद्यार्थी आहे. त्या मला पाहून हात हलवतात, मीही हलवतो. माझ्या डोक्यावर हेल्मेट असतं, त्यामुळं माझं तोंड कसं झालेलं असतं ते त्यांना दिसत नाही, हे एक बरं आहे.